तांब्याच्या तारेतली गाठ

ज्ञान ही एकच संपत्ती अशी आहे, जी दिल्यानं वाढते. पदार्थविज्ञान शिकवण्याच्या चौतीस वर्षांत हे वाक्य मी शिक्षक दिनाच्या प्रत्येक भाषणात म्हटलं आणि दर वेळी टाळ्या पडल्या. ज्या वाक्याला टाळ्या पडतात ते कुणी तपासून पाहत नाही. बोलणारा तर नाहीच. मीही पाहिलं नसतं, पण गेल्या एप्रिलमध्ये आमच्या इमारतीच्या पाण्याच्या पंपाची मोटर जळली.

सोसायटीची अध्यक्ष मी आहे. तिघांनी नकार दिल्यावर माझी एकमतानं निवड झाली. त्यामुळं जळकी मोटर रिक्षात घालून प्लंबरबरोबर जाणं माझ्याकडं आलं.

"नागूअक्काकडंच न्यायची, मॅडम," प्लंबर म्हणाला.

"दुसरीकडं कुठं नाही का होत?"

"होती की. पण महिन्यात परत जळती. अक्काचं वाइंडिंग लई वेगळं असतंय. उघडून बघितलं तर परत झाकू वाटत नाही."

सोलापूर काही एवढं मोठं नाही, की एकाच गावात राहून एखादी बाई चाळीस वर्षं चुकूनही भेटू नये. ती भेटू नये म्हणून मी बरीच मेहनत घेतली होती. अशोक चौकाकडून जाताना तिच्या दुकानाची गल्ली टाळायला मी नेहमी लांबचा रस्ता धरत आले. लोक विचारत, इकडून कशाला? मी म्हणायची, तिकडं खड्डे फार आहेत. सोलापुरात हे कारण कुणालाही पटतं.

त्या दिवशी रिक्षा सरळ त्या गल्लीत शिरली आणि वास आला. गरम व्हार्निशचा, जळक्या कागदाचा, थोडा तांब्याचा. तांब्याला वास नसतो असं मी मुलांना शिकवत असे. पण ज्यानं लहानपणी तांब्याची तार दातात धरली आहे, त्याला तो येतो.

तोच वास पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही आठवीत होतो, नागमणी आणि मी, आणि हुसेनचाचांच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होतो. चाचा यंत्रमागांच्या जळलेल्या मोटरी नव्यानं भरून द्यायचे. दुकान म्हणजे एक खोली, आणि तिच्या दारात काळ्या पडलेल्या तारांचा ढीग. शाळेच्या वाचनालयात मला 'घरच्या घरी विज्ञान' या छापाचं एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. त्यात लोखंडी खिळ्याभोवती तार गुंडाळून चुंबक करायची कृती होती. पुस्तक मी पाठ केलं होतं. तार मात्र आमच्या घरात नव्हती. वडील पोस्टात होते, आणि घरात लांब म्हणावी अशी एकच गोष्ट होती, सुतळी.

"क्या होना बच्ची?" चाचांनी विचारलं.

"तार," मी म्हटलं, आणि ढिगाकडं बोट दाखवलं.

"वो जला हुआ है. उसमें जान नै. नाक लगाके देख." आम्ही दोघींनी खरंच नाक लावलं. चाचा हसले, आणि नव्या रिळाच्या तळाशी उरलेली तांबूस तार आमच्या हातात ठेवली. एखाद्या मोटरीला पुरणार नाही इतकी थोडी, आणि आमच्या आयुष्याला पुरेल इतकी. "खराब मत करो," एवढंच म्हणाले.

मी खराब केली. माझं पहिलं वेटोळं शेवयांच्या गुंत्यासारखं दिसत होतं. नागमणीनं ते बघितलं, माझ्या हातातून घेतलं आणि उलगडलं. मग घरी नेऊन आईच्या चरख्याच्या चातीवर खिळा बसवला, आणि एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडत गेली. तिच्या घरी माग होते. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती शाळेतून आल्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायची. खिळा ही तिच्या दृष्टीनं जरा जड कांडी होती, इतकंच. तार एकाला एक चिकटून बसत गेली. मध्ये फट नाही, वर उंचवटा नाही. ओळीच्या टोकाला पोचली की बोटं आपसूक मागं वळायची. ती ओठांतल्या ओठांत तेलुगूत मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, आणि मला वाटलं ती मला वगळून कुणाशी तरी बोलते आहे.

मत्सर या विषयावर मी पुष्कळ वाचलं आहे. तो काळजाला डसतो, आतून पोखरतो, डोळ्यांत रक्त आणतो, वगैरे. माझा अनुभव इतका साहित्यिक नाही. मला बोटांच्या पेरांत खाज सुटल्यासारखं झालं. त्या खिळ्यानं पस्तीस टाचण्या उचलल्या. माझ्या खिळ्यानं चार, आणि त्यातली एक परत पडली.

"तुझं पुस्तक लई भारी आहे गं," ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली, त्यामुळं जास्तच झोंबलं.

नंतरचं दीड वर्ष आम्ही भंगारात काढलं. मंगळवारच्या बाजारात जुनं लोखंड मांडून बसलेल्यांपुढं आम्ही उकिडव्या बसायचो आणि चुंबक लावून बघायचो, काय चिकटतं, काय नाही. सायकलच्या घंटीची वाटी. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा. मागाचा मोडका बोल्ट, ज्याला तेलाचा आणि सुताच्या तुसाचा जाड लेप असायचा. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला की दुसऱ्या दिवशी मंगलकार्यातल्या भांड्यासारखा चकाकायचा. बॅटरीचे संपलेले सेल आम्ही शेजाऱ्यांकडून मागून आणायचो आणि गच्चीवर उन्हात मांडून ठेवायचो. सोलापूरच्या उन्हात मेलेल्यालाही थोडी धुगधुगी येते. दुपारी तीनच्या सुमाराला ते गरम सेल फ्रॉकच्या ओच्यात घेऊन खाली पळायचं आणि थंड व्हायच्या आत जे काय करायचं ते करून घ्यायचं. जिभेवर दोन तारा टेकवून सेलची ताकद बघायची. खारट झिणझिणी आली की जिवंत. नागमणी म्हणायची, चिंचेसारखं लागतं. मला नुसतं खारट लागायचं. याचाही मला हेवा वाटला.

तिच्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या खोलीत नायनाचे, म्हणजे तिच्या वडिलांचे, माग, खटक-खटक, खटक-खटक, इतका सतत की तो थांबला तरच कान टवकारावेत. बोलायचं झालं तर ओरडून. खळीचा आंबूस वास, रंगाचं पाणी वाहून लाल-हिरवी झालेली गटार, आणि मागच्या अंगणात कडुलिंबाखाली आम्ही दोघी. मी पुस्तक उघडून वाचायची, ती करायची. मी सांगितलं की तारेवर डोळ्याला न दिसणारा लाखेसारखा थर असतो, तो वीज अडवतो, म्हणून जोडायच्या आधी दोन्ही टोकं खरवडायची. तिनं तुटकी काचेची बांगडी घेतली आणि टोकं अशी सोलली की आतलं तांबं गुलाबी दिसलं. पुस्तकात ब्लेड लिहिलं होतं. बांगडी जास्त चांगली निघाली. पुस्तकातलं माझ्याकडं होतं, पुस्तकात नसलेलं सगळं तिच्याकडं.

दोन सेफ्टी पिनांवर गरगरणारी मोटर केली. गुणगुणणारा पत्रा केला. तो इतका भुंग्यासारखा वाजायचा की तिच्या धाकट्या भावानं आठवडाभर अंगणात पाय ठेवला नाही. आणि नववीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला, विजेची घंटा करायचं ठरलं.

इथपर्यंत 'आम्ही' हा शब्द बरोबर आहे. मग विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, "एका वस्तूला एकच नाव लागेल. आणि पहिला नंबर येईल ती एकटी पुण्याच्या प्रदर्शनाला जाईल." त्यामुळं घंटा दोन झाल्या.

माझी आधी तयार झाली. दिसायला ती अपघातातून उचलल्यासारखी होती, पण वाजायची. ती वाजते का हे बघण्यात मी गच्चीवरचे सगळे सेल इतके संपवले, की ऊनसुद्धा त्यांना उठवू शकेना. नागमणीच्या घंटेला चाचणीसाठी एकही सेल उरला नाही. बाई म्हणाल्या, प्रदर्शनाच्या दिवशी शाळा नवे सेल देईल, काळजी करू नका. नागमणीनं काळजी केली नाही. तिच्या हातून झालेली गोष्ट चालते की नाही, असा प्रश्न तिला पडतच नसे.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, मी तिच्या अंगणात बसले होते. ती बोल्टवर शेवटची गुंडाळी चढवत होती. चाक फिरत होतं, तार उन्हात चमकत होती, आणि मध्येच ती तुटली. तिनं चाकही नीट थांबवलं नाही. दोन तुटकी टोकं एका हातात आली, अंगठा आणि तर्जनी काहीतरी वळली, थुंकी लावली, ओढलं, उरलेली टोकं दातानं तोडली. गाठ. मागावर सूत तुटलं की घालतात ती, जी कापडात सापडत नाही, जी तिच्या घरातल्या प्रत्येकाच्या बोटांना झोपेतही येते. सगळं मिळून एक श्वासभर. गाठ गुंडाळीखाली गेली आणि तिच्यावर दुसरी ओळ चढली.

सुताला गाठ मारली की सूत सलग होतं. तांब्याच्या तारेला गाठ मारली, तर लाखेवर लाख टेकते आणि वीज तिथंच थांबते. लाखेचं मी नागमणीलाही सांगितलं होतं, पण तिच्या बोटांना नाही; सोलापुरात तेव्हा हे दोन्ही ध्यानात असलेली चौदा वर्षांची मुलगी बहुधा मीच असेन.

मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं.

"काय गं?" ती म्हणाली. ती माझ्याकडंच बघत होती.

"काही नाही. डास."

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले, कारण ते प्रमुख होते. स्वागतगीत झालं, शाल झाली, श्रीफळ झालं, परिचय झाला. परिचयात सांगितलं की त्यांना परिचयाची गरज नाही, आणि मग पंधरा मिनिटं परिचय झाला. शेवटी ते टेबलांवरून फिरू लागले. नागमणीच्या घंटेपुढं थांबले. कुणीही थांबला असता. पाटीच्या लाकडी चौकटीवर बसवलेली, वाटी घासून आरशासारखी, आणि बोल्टवर तांब्याची ती गुंडाळी, एखाद्या उंची साडीचा काठ वाटावा अशी. पाहुण्यांनी बटण दाबलं. परत दाबलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

"वा, छान आहे," पाहुणे म्हणाले. "शोभिवंत आहे." आणि पुढं आले.

माझी घंटा उचकी लागल्यासारखी एकदम ठणाणली. पाहुणे दचकून मागं सरले आणि बाईंच्या पायावर उभे राहिले. पहिला नंबर मिळायला तेवढं पुरलं.

"काय झालं असंल गं?" टेबलं आवरताना नागमणीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. "सगळं तर बरोबर केलेलं."

"सेल खराब निघाले असतील," मी म्हटलं. त्याच खोक्यातले सेल माझ्या घंटेत चालले होते. तिनं मान हलवली. पुस्तक माझ्याकडं होतं; ते म्हणेल ते ती खरं धरायची.

पुण्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते, घंटा मांडीवर, टॉवेलात बांधलेली. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर एक माणूस वडे तळत होता. बाकावर माझ्या शेजारी एक माणूस बसेल इतकी जागा मोकळी होती. मी ती घंटा तिथं ठेवली.

पुढच्या जूनमध्ये नागमणी वर्गात नव्हती. का, ते मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे असं मी ठरवून टाकलं होतं. पुढं मी पदार्थविज्ञान घेतलं, मग शिकवलं, आणि विद्युतचुंबकाचा धडा आला की पहिल्या तासाला मुलांना सांगायची, जोडण्याआधी तार खरवडा, खरवडा, खरवडा. मुलं हसायची. मी जरा जास्तच जोर देते, असं त्यांना वाटायचं. आणि घरी, एकटी असताना, मी त्या गाठीला मनात मोठी करत गेले. एका मुलीचं आयुष्य मी एका डासाच्या नावावर अडवलं. हे वाक्य मला इतकं आवडत गेलं की त्यात पश्चात्ताप किती आणि वाक्य किती, हे वेगळं काढता येईना.

तर ती आता माझ्यासमोर होती. काउंटरमागं, नाकावर चष्मा, केस माझ्यापेक्षा काळे. मोटरीच्या खाचांत तार भरत होती. तिनं वर बघितलं आणि मला ओळखलं. ओळख पटायला लागतो तेवढा वेळसुद्धा घेतला नाही.

"ये की. बस. पंखा लाव."

मी पंखा लावला. प्लंबर मोटर ठेवून चहा सांगायला गेला. मी तिचे हात बघत बसले. बोटं जाड झाली होती, नखांत व्हार्निश होतं, एका अंगठ्यावर जुना चट्टा होता. तार तशीच बसत होती, एकाला एक. माझ्या पेरांत तीच खाज आली. साठीला टेकलेल्या, निवृत्तिवेतन घेणाऱ्या, शाली-श्रीफळांनी कपाट भरलेल्या बाईच्या पेरांत.

"दुकान हुसेनचाचांचंच ना?" मी विचारलं.

"त्यांचंच. त्यांच्या पोरांना यात रस नव्हता. मी रविवारचं यायची, मग रोजचं यायला लागले, मग ते यायचे बंद झाले." तिनं वर भिंतीकडं बघितलं. तिथं चाचांचा फोटो होता, त्याला हार होता. "ती आपली घंटा बंद पडली ना शाळेत, ती घेऊन आले हितं त्याच संध्याकाळी. चाचांनी तार उलगडली. गाठ निघाली आत. काय हसले, काय हसले! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायले. 'विणकर की बच्ची है, तार को गाठ मारी!' मग म्हणाले, हात असले असतील तर बाकीचं मी शिकवतो."

मला वाटलं होतं, शिकवणारी मी होते.

आता बोलायलाच हवं होतं. मी घसा साफ केला. शिक्षक दिनाला करते तसा, हे करताना लक्षात आलं.

"नागमणी, ती गाठ तू मारलीस ते मी बघितलं होतं. वाजणार नाही हे मला माहीत होतं. आणि मी बोलले नाही."

"व्हय की. बघायलीस ते मी बघितलेलं." तिचा हात थांबला नाही. "लई टक लावून बघायलीस. मला वाटलं, गाठ आवडली तुला. नंतर वाटायचं, एकदा शिकवायला पाहिजे होती हिला. तुझ्या हाताला कधी जमली नसती, ते सोड."

"तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

"माझ्या न बोलण्याचा. नंतर तरी. मी बोलले असते तर तू पुण्याला गेली असतीस. मग शाळा..."

"शाळा मला नको होती गं. हितं बरं वाटायचं." ती थांबली. पहिल्यांदाच तिनं तार खाली ठेवली आणि कपाळाला आठी घालून काहीतरी आठवू लागली. मी वाट बघत राहिले. चाळीस वर्षं ज्याची तयारी केली, ते आता येणार होतं. रडणं, शिवी, क्षमा, काहीही चाललं असतं. तिच्या रागाचाही मी हेवा करायला तयार होते.

"पुण्याचं ते कधी होतं?" तिनं विचारलं.

"डिसेंबरात. नाताळच्या आधीचा आठवडा."

"मग मी कशी गेले असते?" ती म्हणाली. "माझ्या थोरल्या अक्काचं लग्न होतं की त्या आठवड्यात, तिकडं कामारेड्डीला. नायनानं सगळ्यांची तिकिटं दिवाळीतच काढून ठेवलेली. नंबर आला असता तर बाईंना सांगावं लागलं असतं, हिलाच पाठवा."

तिनं तार परत उचलली. मी विचारलं, लग्न कसं झालं होतं.

चांगलं झालं होतं, पण जिलेबी कमी पडली होती.